छत्तीस निरोगी माणसं आणि चोवीस आठवड्यांची भूक

खाण्याशी बिघडलेलं नातं ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, ‘ईटिंग अ‍ॅटिट्यूड्स टेस्ट’. डेव्हिड गार्नर आणि पॉल गारफिंकेल यांनी ती १९७९ मध्ये टोरांटोत मांडली. तेव्हा तिच्यात ४० प्रश्न होते, १९८२ मध्ये ते २६ झाले. या २६ प्रश्नांत २० किंवा त्याहून जास्त गुण आले, तर त्या व्यक्तीला तज्ज्ञाकडे पाठवावं असा संकेत आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये ही प्रश्नावली फार लोकप्रिय. सोबत आत्मसन्मानाची रोझेनबर्ग यांची दहा विधानांची मोजपट्टी जोडायची, एखादी लक्षाची चाचणी घ्यायची, कॉलेजातल्या शे-दोनशे मुलींकडून भरून घ्यायची आणि सहसंबंध काढायचा, म्हणजे या गोष्टी एकमेकींसोबत कमी-जास्त होतात का ते बघायचं. निष्कर्ष बहुधा ठरलेला असतो. आत्मसन्मान कमी, म्हणून खाण्याविषयीचे विचार बिघडलेले, आणि ते विचार डोक्यात घोळत राहतात म्हणून अभ्यासात लक्ष लागत नाही.

सहसंबंध खोटा नसतो. गोची आहे ती त्या ‘म्हणून’मध्ये. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच कागदावर मोजल्या तर आधी काय आलं हे कळायला वाव नाही. त्यासाठी अशी माणसं हवीत ज्यांचं मन आधीपासून नीट तपासलेलं आहे, ज्यांना बारीक व्हायची हौस नाही आणि ज्यांच्या ताटातलं अन्न कुणीतरी बाहेरून, मोजून कमी केलं आहे. असा प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती मंजूर करणार नाही. पण तो एकदा झालेला आहे. हे प्रकरण त्याचंच.

माणसं आणि जागा

साल १९४४. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं आणि युरोपात माणसं उपासमारीनं मरत होती. बंगालचा १९४३ चा दुष्काळ तर ताजाच होता. युद्ध संपल्यावर कोट्यवधी उपाशी लोकांना पुन्हा खायला घालावं लागणार होतं, पण ते कसं, किती आणि कशाचं याचं शास्त्र कुणाकडेच नव्हतं. मिनिआपोलिसमधल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांची प्रयोगशाळा होती. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या खाली, प्रेक्षकांच्या बाकांखालच्या खोल्यांत. अमेरिकी सैनिकांचं ‘के-रेशन’, म्हणजे रणांगणावरचा शिधा, ज्यांच्या कामातून आलं तेच हे कीज. त्यांनी ठरवलं की निरोगी माणसांना आधी उपाशी ठेवायचं आणि मग वेगवेगळ्या पद्धतीनं खायला घालून बघायचं.

माणसं मिळाली ती युद्धाला नकार देणाऱ्यांतून. क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन अशा शांततावादी ख्रिस्ती पंथांतली कित्येक तरुण मंडळी शस्त्र उचलायला तयार नव्हती. त्यांच्याकडून सरकार सैन्याऐवजी नागरी सेवा करून घेत होतं. जंगलात झाडं लावायची, मनोरुग्णालयात सफाई करायची अशी कामं. आपल्या वयाची पोरं तिकडे रणांगणावर मरताहेत आणि आपण इथे झाडं लावतोय, ही टोचणी अनेकांना होती. इतरांचं पोट भरावं म्हणून तुम्ही उपाशी राहाल का, असं विचारणारं पत्रक त्यांच्या छावण्यांत पोहोचलं आणि अर्जांचा ढीग आला. त्यातून ३६ जण निवडले गेले, सगळे पुरुष, वय २२ ते ३३.

निवड कडक होती. शरीर ठणठणीत हवं, माणसांत मिसळता यायला हवं आणि मन स्थिर हवं. मनोविकारांच्या तपासणीसाठी त्याच विद्यापीठात तयार झालेली आणि १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘एमएमपीआय’ ही व्यक्तिमत्त्व चाचणी हाताशी होतीच. मानसशास्त्राची बाजू जोसेफ ब्रोझेक सांभाळत होते. मॅक्स कॅम्पलमन हा या ३६ जणांतला एक. पुढे १९८५ मध्ये जिनिव्हात सोव्हिएत संघाशी अण्वस्त्र वाटाघाटी करायला अमेरिकेनं ज्याला पाठवलं तोच हा माणूस. दुसरा हेन्री शोलबर्ग. भारतातल्या मिशनरी कुटुंबातला हा मुलगा पुढे मिनेसोटा विद्यापीठाच्या दक्षिण आशिया ग्रंथालयाचा प्रमुख झाला, आणि गोवा व पोर्तुगीज भारताची जाडजूड ग्रंथसूची त्याच्या नावावर आहे. सांगायचं इतकंच की ही कच्च्या मनाची माणसं नव्हती. सगळा देश भित्रे म्हणून हिणवत असताना ती आपल्या मतावर ठाम उभी राहिली होती. आत्मसन्मान म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

ताट

१९ नोव्हेंबर १९४४ ला प्रयोग सुरू झाला. पहिले १२ आठवडे नेहमीचं पोटभर जेवण, दिवसाला साधारण ३,२०० कॅलरी. या काळात सगळ्या मोजण्या करून ठेवल्या. मग १२ फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे अर्धउपासमार. दिवसातून दोन जेवणं, त्यात बटाटे, सलगम, कोबी, काळसर पाव, मॅकरोनी. युद्धग्रस्त युरोपातल्या गरिबाच्या ताटात जे असेल ते. सरासरी काढली तर दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी. आठवड्याला २२ मैल चालणं सक्तीचं, शिवाय प्रयोगशाळेतली कामं आणि अभ्यासाचे वर्ग. प्रत्येकाचं वजन सुमारे पाव हिश्शानं उतरावं असा बेत होता आणि त्या हिशेबानं ताटात कमी-जास्त केलं जाई. पुढच्या आठवड्यात कुणाला किती मिळणार याची यादी शुक्रवारी लागायची. त्या यादीची धास्ती परीक्षेच्या निकालाहून मोठी होती.

इथे कुणीतरी म्हणेल, आमची आजी जन्मभर सोमवार आणि एकादशी करायची, तिला काही झालं नाही. झालं नाहीच, कारण साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात आणि दाण्याची आमटी खाऊन कुणी उपाशी राहत नाही. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच आलेली नाही. एक दिवसाचा उपास आणि सहा महिन्यांची तूट यांत शरीर बरोबर फरक करतं.

शरीरानं तो फरक केला. सरासरी वजन ६९ किलोंवरून ५३ च्या आसपास आलं. शांत पडून असताना शरीर जितकी ऊर्जा खर्च करतं ती सुमारे ४० टक्क्यांनी घटली. नाडी मंदावली, पाय सुजले, केस गळाले, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. बुडाखालचं मांस गेल्यामुळे साध्या खुर्चीवर बसणंही दुखायला लागलं. शरीराची ही हकिगत १९५० मध्ये निघालेल्या तेराशेहून अधिक पानांच्या दोन खंडांत सविस्तर आहे. आपला विषय त्या शरीरातल्या मनाचा आहे.

लक्ष कुठे गेलं

सुरुवातीला या मंडळींचं लक्ष बऱ्याच गोष्टींत होतं. राजकारणावर वाद, युद्धानंतर मदतकार्यासाठी परदेशी जायची स्वप्नं, त्यासाठी भाषा शिकणं. वर्गांना उत्साहानं हजेरी. उपासमार सुरू झाली तसं एकेक गळत गेलं. वर्ग ओस पडले. गप्पांचे विषय आटले आणि शेवटी एकच उरला, जेवण. काय खाल्लं होतं, काय खायचंय, घरी आई अमुक पदार्थ कसा करायची.

पाकक्रियेची पुस्तकं दिवसभर हातात दिसू लागली. एकानं तर अशा पुस्तकांचा शंभराच्या घरातला साठा केला. ज्यांना आजवर स्वयंपाकघराशी घेणंदेणं नव्हतं ते हॉटेलांची मेनूकार्डं आणि शेतमालाच्या भावांचे तक्ते एकाग्रतेनं वाचू लागले. हॅरल्ड ब्लिकेनस्टाफ या सहभागी माणसानं म्हातारपणी आठवण सांगितली होती. तो सिनेमाला जाई तेव्हा प्रेमाच्या प्रसंगांत त्याला काडीचा रस वाटत नसे, पण पडद्यावरची माणसं केव्हा केव्हा जेवली आणि काय जेवली हे त्याच्या नजरेतून सुटत नसे.

लक्ष कमी झालं होतं असं म्हणणं म्हणूनच बरोबर नाही. उलट एका दिशेला ते इतकं तीक्ष्ण झालं होतं की कौतुक वाटावं. संध्याकाळचं जेवण कसं खायचं याचा बेत दिवसभर चाले. ताटातले पदार्थ एकत्र कालवायचे, पाणी घालून वाढवायचे, मीठ-मसाल्याचा मारा करायचा, बारीक तुकडे करून एकेक घास चघळायचा. एरवी जे ताट काही मिनिटांत रिकामं झालं असतं त्यावर काही जण दोन-दोन तास बसत. काही जण घास लपवून बाहेर नेत आणि आपल्या खाटेवर बसून विधीसारखे खात. शेवटी ताट चाटायचं. कुणी चाटलं नाही तर बाकीच्यांना राग येई. कॉफीचे पेले इतके वाढले की दिवसाला नऊवर मर्यादा घालावी लागली. च्युइंगमची तर एकानं दिवसाला ४० पाकिटांपर्यंत मजल मारली.

आणखी एक गोष्ट मला या सगळ्यांहून विलक्षण वाटते. काही जण वस्तू जमवू लागले. आधी कॉफीच्या किटल्या, हॉटप्लेट, भांडी. मग ज्यांचा खाण्याशी काहीच संबंध नाही अशा वस्तू, जुनी पुस्तकं, वापरलेले कपडे, बाजारातला किडूकमिडूक. घेऊन आल्यावर हे आपण का घेतलं हे त्यांना स्वतःलाच सांगता येत नसे. अन्नाच्या तुटवड्यानं मनात कसलीतरी सर्वसाधारण साठेबाजी जागी केली होती.

आता मुद्द्याची नोंद. सगळे तक्रार करत होते की डोकं चालत नाही, वाचलेलं कळत नाही, विचार धरून ठेवता येत नाही. ब्रोझेक यांच्या गटानं बुद्धीच्या प्रमाणित चाचण्या घेतल्या, तेव्हा गुणांत म्हणण्यासारखी घट सापडली नाही. कोडं समोर ठेवलं, वेळ लावली आणि करा म्हटलं की माणूस ते करत होता. क्षमता शाबूत होती. आपणहून लक्ष एखाद्या गोष्टीकडे वळवणं आणि तिथे टिकवणं मात्र जमत नव्हतं, कारण ते लक्ष आधीच दुसरीकडे गुंतलेलं होतं.

कॉलेजातल्या मुलींवर लक्षाची एखादी चाचणी लावून ‘फरक आढळला नाही’ असं लिहिणाऱ्यांनी ही नोंद दोनदा वाचावी. पाच मिनिटांच्या चाचणीत टिकणारं लक्ष आणि संध्याकाळभर पुस्तक उघडं ठेवूनही पान न उलटणारं लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजून दुसरीविषयी बोलता येत नाही.

नंतरच्या काळात लक्षाची ही ओढ नेमकेपणानं मोजणारं तंत्र आलं. रंगीत अक्षरांत शब्द छापायचे आणि शब्द न वाचता फक्त रंगाचं नाव सांगायला लावायचं. ज्या शब्दाशी मन अडकलेलं असतं तिथे माणूस किंचित अडखळतो. अ‍ॅनोरेक्सिया (जाड होण्याच्या भीतीनं उपाशी राहण्याचा विकार) आणि बुलिमिया (भरमसाट खाऊन मग ते उलटीसारख्या मार्गांनी काढून टाकण्याचा विकार) असलेल्या व्यक्ती अन्नाच्या शब्दांवर अडखळतात. पण खाण्याचा कुठलाच विकार नसलेल्या माणसांना दिवसभर उपाशी ठेवलं तर तीही अन्नाच्या शब्दांवर अडखळतात. म्हणजे या अडखळण्याचा काही भाग विकाराचा नसून निव्वळ रिकाम्या पोटाचा असतो. मिनेसोटात जे सहा महिन्यांत ठळक दिसलं तेच इथे सेकंदाच्या तुकड्यात दिसतं.

स्वतःविषयीचं मत

रोझेनबर्गची मोजपट्टी आली १९६५ मध्ये, त्यामुळे या माणसांच्या आत्मसन्मानाचा आकडा कुणाकडे नाही. पण एमएमपीआयच्या नोंदी आहेत, रोजनिशा आहेत, निरीक्षकांची टिपणं आहेत. नैराश्य वाढलं आणि आपल्याला काहीतरी आजार जडलाय ही भीतीही. चिडचिड इतकी, की जेवताना समोरच्यानं केलेला आवाजही सहन होईना. विनोद संपले. मुलींमध्ये रस उरला नाही. माणसं एकेकटी राहू लागली, कारण दुसऱ्याशी बोलणं हेही आता कष्टाचं काम झालं होतं. साधारण पाचातल्या एकाची मानसिक अवस्था इतकी ढासळली की रोजचे व्यवहार अवघड झाले. कीज यांच्या गटानं याला अर्धउपासमारीचा न्यूरोसिस, म्हणजे भुकेतून आलेला मनाचा बिघाड म्हटलं.

नियम मोडणाऱ्यांच्या हकिगती सर्वांत बोलक्या आहेत. त्यांतल्या एकानं बाहेर जाऊन आइस्क्रीम आणि माल्टेड मिल्कवर ताव मारला, दुकानातून दोन-चार पैशांच्या गोळ्या चोरल्या आणि मग स्वतःच येऊन सगळं कबूल केलं. त्यानंतर तो स्वतःला दूषणं देत राहिला. दुसऱ्याला किराणा दुकानात कामाला असताना आवर घालता आला नाही. बिस्किटं, पॉपकॉर्न, जास्त पिकलेली केळी, जे हाती लागलं ते खाल्लं, मग उलटी झाली. परतल्यावर त्यालाही स्वतःची शिसारी आली. असे प्रकार उघड झाल्यावर नियम निघाला की कुणीही एकट्यानं बाहेर जायचं नाही, जोडीदार सोबत हवा. अखेर ३६ पैकी ३२ जणांचीच माहिती पूर्ण मानली गेली.

या दोघांकडे जरा थांबून बघू. दोन केळी खाणं हा गुन्हा नाही. काही महिन्यांपूर्वी या माणसांनी ती खाल्ली असती तर लक्षातही राहिली नसती. पण आता त्या दोन केळ्यांवर माणसाची सगळी लायकी तोलली जात होती. मी शब्द पाळणारा आहे की नाही? मला इच्छाशक्ती आहे की नाही? भुकेनं लक्ष अन्नापुरतं आखडलं होतं, त्यामुळे स्वतःची किंमत ठरवण्याची जागाही तीच उरली. एरवी माणूस स्वतःला दहा ठिकाणी पारखतो. काम, मैत्री, विद्या, श्रद्धा, घर. ती ठिकाणं एकेक करून अंधारात गेली आणि उजेड फक्त ताटावर राहिला. आत्मसन्मान ‘कमी झाला’ म्हणण्यापेक्षा तो एकाच खुंटीला टांगला गेला असं मी म्हणेन.

ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये खाण्याच्या विकारांचं जे प्रारूप मांडलं त्याच्या केंद्रस्थानी हीच गोष्ट आहे. आपली किंमत जवळजवळ सगळी वजन, आकार आणि खाण्यावरचा ताबा यांवरूनच ठरवणं. मिनेसोटातल्या माणसांना वजनाची आणि आकाराची फिकीर नव्हती. ताब्याची मात्र लागली, आणि तीही उपासमारीनंतर.

पुन्हा जेवण

२८ जुलै १९४५ ला उपासमारीचा टप्पा संपला. युरोपातलं युद्ध त्याआधीच मे महिन्यात थांबलं होतं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता त्यांना अन्न देण्याची वेळ निष्कर्षांच्या आधीच आली होती. कीज यांच्या गटातल्या दोघांनी मदतकार्यात उतरणाऱ्यांसाठी भुकेल्या माणसाच्या मनाविषयीची एक छोटी पुस्तिका १९४६ मध्ये काढली, ती या घाईतून.

पुढचे १२ आठवडे माणसांचे चार गट करून प्रत्येकाला वेगवेगळ्या प्रमाणात जास्त अन्न दिलं. सगळ्यांना वाटलं होतं की आता सुटलो. तसं झालं नाही. पहिल्या आठवड्यांत काही जण आणखी चिडके, आणखी उदास झाले. सर्वांत कमी वाढ मिळालेल्या गटाची तब्येत जागची हलेना. शेवटी कीज या निष्कर्षाला आले की अशा माणसाला उभं करायचं तर काही महिने दिवसाला ४,००० कॅलरींच्या आसपास अन्न लागतं. जीवनसत्त्वाच्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

निर्बंध उठल्यावर काही जणांनी एका दिवसात ८,००० ते १०,००० कॅलरी खाल्ल्या. पोट तुडुंब भरलेलं, तरी भूक जात नव्हती. भरपेट जेवून उठताना ती उलट वाढलेली वाटे. वजन परतलं ते आधी चरबीच्या रूपात, पोटावर आणि कमरेखाली. स्नायू मागून आले. आणि मग ज्यांना जन्मात कधी शरीराच्या आकाराची चिंता नव्हती अशा पुरुषांपैकी काही जण आपण जाडे होतोय, ढिले होतोय, असं म्हणू लागले. बहुतेकांचं खाणं काही महिन्यांत पूर्ववत झालं. थोड्यांचं त्याहूनही बराच काळ झालं नाही.

प्रश्नावली त्यांच्यापुढे ठेवली असती तर

२६ प्रश्नांची ती प्रश्नावली १९४५ च्या जुलैत या माणसांकडून भरून घेतली असती तर काय झालं असतं? हा माझा खेळ आहे, पुरावा नाही. पण प्रश्न डोळ्यांपुढे आणा. अन्नाचे विचार डोक्यात घोळत राहतात का? अन्न आपल्यावर राज्य करतंय असं वाटतं का? जेवणाचे बारीक तुकडे करता का? इतरांपेक्षा जेवायला जास्त वेळ लागतो का? एकदा सुरू केलं की थांबता येणार नाही अशा तऱ्हेनं खाल्लं आहे का? तुम्ही फार बारीक झालात असं लोकांना वाटतं का?

या सगळ्यांना त्यांनी ‘नेहमी’ असंच उत्तर दिलं असतं. ‘नेहमी’ला तीन गुण, म्हणजे एवढ्या सहा प्रश्नांवरच १८ गुण होतात. म्हणजे ज्यांना खाण्याचा विकार नाही अशी माणसं त्या २० च्या रेषेला जाऊन भिडली असती.

उरलेले प्रश्न मात्र त्यांना लागूच पडले नसते. जाड होण्याची दहशत वाटते का? आणखी बारीक व्हावंसं वाटतं का? पोट रिकामं असलेलं आवडतं का? भूक लागलेली असताना खाणं टाळता का? उपासमारीच्या भरात असलेल्या मिनेसोटाच्या एकाही माणसाला रिकामं पोट आवडत नव्हतं. दोन प्रकारचे प्रश्न एकाच बेरजेत मिसळलेले आहेत. काही भूक मोजतात आणि काही भुकेला दिलेला अर्थ. आत्मसन्मानाचं नातं मुख्यतः दुसऱ्या प्रकाराशी आहे, लक्षाचं पहिल्याशी. कॉलेजातले अभ्यास करताना नुसती एकूण बेरीज घेतली की हे दोन धागे एकमेकांत गुंततात आणि मग ‘सौम्य सहसंबंध’ असं काहीतरी हाती लागतं. प्रश्नावलीच्या तीन उपगटांची बेरीज वेगवेगळी करायची सोय १९८२ पासून आहे. ती वापरायचा कंटाळा का केला जातो हे मला कळलेलं नाही.

या प्रकरणाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. ३६ माणसं, सगळी पुरुष, सगळी ध्येयवेडी, आणि प्रयोग केव्हा संपणार हे सगळ्यांना ठाऊक. अ‍ॅनोरेक्सिया जास्त करून मुलींमध्ये, किशोरवयात दिसतो आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. भूक एकटी तो घडवत नाही, नाहीतर दुष्काळी मुलखात सगळ्यांनाच झाला असता. मिनेसोटानं एवढंच दाखवलं की विकाराचं म्हणून जे चित्र आपण बघतो त्यातला मोठा भाग भुकेनं रंगवलेला असतो.

दवाखान्यात आणि घरात

गार्नर यांनी पुढे उपचारांत या प्रयोगाचा सरळ वापर केला. रुग्णांना आणि त्यांच्या आईवडिलांना बसवून मिनेसोटाची गोष्ट सांगायची. कारण मुलगी मानते की डोक्यात सतत खाणं येतं म्हणजे मी मुळातच हावरट आहे, म्हणून मला आणखी ताबा हवा. आईवडील मानतात की हिचं मन कमकुवत आहे, म्हणून समजूत घालायला हवी. दोघांनाही कळायला हवं की हे विचार कमी खाण्यातून आले आहेत आणि कमी खाण्यानंच टिकून आहेत.

आपल्याकडच्या घरात हे उशिरा लक्षात येतं, कारण सुरुवात कौतुकानं होते. मुलीनं भात सोडला, गोड सोडलं, चतुर्थीच्या जोडीला गुरुवार धरला, की काकू-मावशा म्हणतात, बघा किती निग्रह आहे तिचा. मग ती अचानक स्वयंपाकात रस घेऊ लागते, मोबाइलवर रात्री दोनपर्यंत पदार्थांचे व्हिडिओ बघते, सगळ्यांना आग्रहानं वाढते आणि स्वतः पोळीचे नखाएवढे तुकडे करत बसते. आईला वाटतं, चला, स्वयंपाक तरी शिकतेय. बारावीचे मार्क घसरले की मग धावपळ, आणि तीही बहुधा एकाग्रतेच्या वर्गाकडे किंवा स्मरणशक्तीच्या गोळ्यांकडे.

उपचाराचा क्रम यातून ठरतो. फेअरबर्न यांच्या पद्धतीत आणि कुटुंबाला हाताशी धरणाऱ्या पद्धतीतही वजन आणि नियमित जेवण आधी येतं. आत्मसन्मानावरचं सखोल बोलणं नंतर, कारण ज्या मनाचं सगळं लक्ष पुढच्या घासावर आहे त्याला ते बोलणं ऐकू येत नाही. आधी पोटोबा मग विठोबा, हे इथे शब्दशः खरं आहे. फक्त वजन फार उतरलं असेल तर घरच्या घरी एकदम भरवायला सुरुवात करायची नाही. उपाशी शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं, तेव्हा आधी डॉक्टर. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं.

जेवण पूर्ववत झाल्यावर काय उरतं ते बघायचं. अन्नाचे विचार, तुकडे करणं, चिडचिड, एकटेपणा यांतलं बरंच ओसरतं. जाड होण्याची दहशत आणि ‘वजन वाढलं म्हणजे मी हरले’ ही भावना ओसरत नाही, उलट काही काळ टोकदार होते. आत्मसन्मानाचं काम तिथून सुरू होतं, आणि ते ताटाबाहेरच्या गोष्टी परत आयुष्यात आणण्याचं काम असतं. सुटलेलं नाटक, तुटलेल्या मैत्रिणी, अर्धवट राहिलेली सतार.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखासाठी मिनेसोटाच्या हयात असलेल्या १८ जणांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. तेव्हा ते सगळे ऐंशीच्या आसपासचे किंवा पुढचे. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा करू, असं त्यांच्यातल्या बहुतेकांनी सांगितलं. त्या उपासमारीचा त्यांना अभिमान होता, आणि तो आयुष्यभर टिकला. अ‍ॅनोरेक्सिया असलेल्या मुलीलाही आपल्या उपासमारीचा अभिमान असतो, म्हणून तर ती सोडायला तयार नसते. त्या पुरुषांच्या भुकेला मात्र शेवटची तारीख होती, २८ जुलै, आणि ती कुणीतरी दुसऱ्यानं ठरवलेली होती. मुलीच्या भुकेला तशी तारीख नसते. उपचारांच्या पहिल्या काही आठवड्यांत आईवडील आणि डॉक्टर मिळून ताट ठरवतात, तिच्यावर सोडत नाहीत, ते यासाठी.